पेनीपेनीचा मनोरा

मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावरून, बर्कनहेडहून, फेरीबोटीने लिव्हरपूलला निघाले की शहर नीट दिसू लागण्याच्या आधी दोन पक्षी दिसतात. हिरवट रंगाचे, पंख उचललेले, माना ताठ केलेले. त्यांच्या पायांखाली दोन मनोरे, मनोऱ्यांवर प्रचंड घड्याळे आणि मनोऱ्यांच्या खाली करड्या ग्रॅनाइटचा एक अवाढव्य वाडा. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, हा एखाद्या राजाचा महाल असेल, नाहीतर निदान एखाद्या श्रीमंत पंथाचे देऊळ तरी. प्रत्यक्षात ती कचेरी आहे. कारकुनांनी बसून खर्डेघाशी करावी म्हणून बांधलेली. आणि ज्यांनी ती बांधली त्यांचा मूळ धंदा होता गरिबांच्या मर्तिकाची सोय करण्याचा!

इमारतीचे नाव इंग्रजीत वाचले की आपल्या मनात एकदम यकृताचा विचार येतो. पण शहर ‘लिव्हरपूल’ असले तरी ही इमारत आणि तिच्या माथ्यावरचा पक्षी यांचा उच्चार ‘लायव्हर’ असा आहे. असे का, ते विचारू नये. ज्या भाषेत लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे हा नियमच आहे, तिथे एवढ्याने दचकायचे कारण नाही. रॉयल लायव्हर बिल्डिंग हे तिचे पूर्ण नाव.

हा लायव्हर पक्षी कोणत्याही पक्षिशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही. १२०७ मध्ये किंग जॉनने या कोळ्यांच्या वस्तीला शहराची सनद दिली. पुढे शहराची मुद्रा तयार झाली, तिच्यावर संत जॉनचे चिन्ह म्हणून गरुड कोरायचे ठरले, असे जाणकार मानतात. पण कारागिराचा हात बेताचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तसे गरुडाचे रूप भलतेच झाले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात आपल्या नदीवरचा पाणकावळा पाहिला. चोचीत गरुडाला न शोभणारी पाणवनस्पतीची डहाळीही आली. शहराने तोच आपला कुलपक्षी मानला. मनोऱ्यांवरचे पक्षी तांब्याचे आहेत, अठरा फूट उंच. तांबे हवेने हिरवे पडले आहे. एक नदीकडे तोंड करून समुद्राची वाट पाहतो, दुसरा पाठ फिरवून शहराकडे बघतो. पहिली मादी, ती खलाशी सुखरूप परत येतात की नाही ते पाहते. दुसरा नर, तो दारूचे गुत्ते उघडले की नाही ते पाहतो, असे लिव्हरपूलकर सांगतात. पक्षी उडून गेले तर शहर बुडेल अशीही समजूत आहे. वाऱ्याने कोसळू नयेत म्हणून दोन्ही पक्षी तारांनी आवळून बांधलेले आहेत. त्यामुळे तूर्त काळजी नाही.

आपल्याकडच्या, विशेषतः मुंबईच्या माणसाला ही जागा वाटते तितकी परकी नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातचा कापूस मुंबईहून जहाजे भरभरून याच मर्सीच्या मुखाशी येऊ लागला. त्या पैशाने मुंबई वेडी झाली, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये धाडकन आपटली. प्रेमचंद रायचंद यांनी त्याच भराच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याची उंची २८० फूट. लायव्हरच्या मनोऱ्यांची ३२२. नंतरच्या काळात अँकर लाइनची ‘सिलिसिया’, ‘सर्केशिया’, ‘कॅलिडोनिया’ ही जहाजे मुंबई-लिव्हरपूल अशी ये-जा करीत. १९६६ मध्ये ती उतारूंची सेवा संपली. तोवर बॅलार्ड पिअरवर गळ्यात हार घालून निघालेल्या कितीतरी होतकरू डॉक्टर-इंजिनिअरांना विलायत म्हणून पहिल्यांदा जे दिसले, ते हे दोन पक्षी.

पण मला ओढ होती ती पक्ष्यांची नव्हे, पैशांची. एवढा वाडा मर्तिकाच्या वर्गणीतून कसा उभा राहतो?

त्यासाठी शंभर-सव्वाशे नव्हे, चांगली पावणेदोनशे वर्षे मागे जायला हवे. १८४७ या एका सालात आयर्लंडातल्या दुष्काळाने हाकललेली सुमारे तीन लाख माणसे लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. पुष्कळशी अमेरिकेच्या जहाजात चढली. ज्यांच्यापाशी तिकिटाचे पैसे नव्हते, किंवा अंगात त्राण नव्हते, ती तिथेच राहिली. अंधाऱ्या, ओल्या तळघरांत, एकेका खोलीत दोनदोन कुटुंबे. टायफसची साथ आली. १८४९ मध्ये पटकी आली. सबंध ब्रिटनमधला पहिला आरोग्याधिकारी याच शहराने १८४७ मध्ये नेमला, डॉक्टर विल्यम हेन्री डंकन; तो काही हौसेने नेमला नव्हता.

माणूस मेला आणि घरात पैसे नसले, तर सरकारी धर्मादायातून त्याची वासलात लागे. त्या शब्दात अतिशयोक्ती नाही. पातळ फळ्यांची पेटी, मोठा सामायिक खड्डा, त्यात एकावर एक प्रेते, वर नाव नाही, खूण नाही. आपल्याकडे माणसाला अग्नी मिळाला नाही, किंवा बेवारशी म्हणून महापालिकेच्या गाडीतून नेला, तर घरच्यांच्या काळजाला जे होते, तेच तिथे होई. जन्मभर धक्क्यावर ओझी वाहणारा हमालसुद्धा एकच मागणे मागे: मेल्यावर आपल्या नावाची वेगळी जागा असावी, चार माणसे नीट कपड्यांत मागून यावीत आणि परतल्यावर त्यांना चहा आणि हॅम, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप, खायला मिळावेत. उत्तर इंग्लंडात ‘त्याला हॅम घालून पुरला’ असे म्हटले की अंत्यविधी रीतसर झाला असा अर्थ होतो.

या एका इच्छेच्या पोटी ठिकठिकाणी अंत्यविधी-मंडळे निघाली. लिव्हरपुलातले एक १८५० मध्ये ‘लायव्हर इन’ नावाच्या खानावळीत निघाले, म्हणून त्याचे नाव लायव्हर. सभासदांचे दफन इभ्रतीने व्हावे हा उद्देश. तत्त्व आपल्या भिशीसारखेच. फरक एवढाच, की भिशीत नंबर लागावा म्हणून माणूस देव पाण्यात घालतो आणि इथे नंबर लागू नये म्हणून.

वर्गणी आठवड्याची. पेनी, दोन पेनी. महिन्याचा हिशेब गरिबाला परवडत नाही, कारण मजुरीच आठवड्याला, आणि धक्क्यावर तर दिवसाला मिळे. म्हणून मंडळाचा माणूस दर आठवड्याला दारात येई, पैसे घेई, घरच्या पुस्तिकेत आकडा टाकी आणि पुढच्या दारी जाई. पाऊस असो, बर्फ असो. बाई चुलीपाशी एका भांड्यात ती पेनी वेगळी काढून ठेवी. भाडे थकले तरी चालेल, पण ही चुकायची नाही. कारण हप्ते थांबले की पॉलिसी बुडायची, आणि आधी भरलेल्यावर पाणी सोडावे लागायचे. असे किती जणांचे बुडाले असेल, याचा विचार त्या ग्रॅनाइटकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

या धंद्याची एक काळी बाजूही लिव्हरपूलने पाहिली. कॅथरिन फ्लॅनगन आणि मार्गारेट हिगिन्स या दोघी बहिणी. माश्या मारायच्या कागदातला सोमल पाण्यात उतरवून त्यांनी घरातलीच माणसे मारली, आणि निरनिराळ्या अंत्यविधी-मंडळांकडून पैसे उचलले. मार्च १८८४ मध्ये दोघींना फाशी झाली. असल्या प्रकरणांचा गाजावाजा फार झाला. सभ्य लोक म्हणू लागले, पाहा, गरिबांच्या हाती मरणाचे पैसे दिले की असे होते. मला विचाराल तर त्यात सभ्यपणापेक्षा तिटकारा अधिक होता. लक्षावधी बायांनी ती पेनी भरली, ती प्रेत नीट जावे म्हणून. दोघींनी विष घातले म्हणून त्या लक्षावधींकडे संशयाने पाहायचे कारण नव्हते.

असो. पेनीला पेनी जोडत मंडळ फुगत गेले, दफनापलीकडे साधा आयुर्विमाही उतरवू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या नोकरीत सहा हजार माणसे होती. जुनी जागा पुरेना. १९०७ मध्ये नवी कचेरी बांधायचे ठरले.

जागा कोणती निवडली? तर शहरातली सर्वांत मोक्याची, नदीच्या तोंडावरची. तिथे पूर्वी जॉर्जेस डॉक ही गोदी होती. १७७१ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा लिव्हरपूल गुलामांच्या व्यापाराच्या ऐन भरात होते. १८०७ मध्ये ब्रिटिश कायद्याने तो व्यापार थांबला, पण शहराची पहिली श्रीमंती त्यातली. पुढे जहाजे मोठी झाली, गोदी उथळ पडली. १९०० च्या सुमारास ती बंद करून बुजवण्यात आली. त्याच जागेवर आज तीन इमारती एका रांगेत उभ्या आहेत. बंदर खात्याची १९०७ ची, घुमट असलेली. क्युनार्ड जहाज कंपनीची १९१७ मध्ये पुरी झालेली, इटालियन प्रासादासारखी. आणि कडेला आपली लायव्हर. या तिघींना लोक ‘थ्री ग्रेसेस’ म्हणतात, म्हणजे ग्रीक पुराणातल्या तीन सुंदऱ्या. बाकीच्या दोघी खरोखरच देखण्या आणि प्रमाणबद्ध आहेत. तिसरी सुंदरी नव्हे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली खमकी बाई आहे. पण नजर जाते ती तिच्याकडेच.

वास्तुशिल्पी वॉल्टर ऑब्री थॉमस. मर्सीच्या पलतीरावर जन्मलेला, लिव्हरपुलातच कामे करणारा. लंडनच्या बड्या नावांत तो कधी मोडला नाही. ११ मे १९०८ रोजी कोनशिला बसली आणि १९ जुलै १९११ रोजी लॉर्ड शेफील्ड यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे उणीपुरी तीन वर्षे! दगडावर दगड रचून एवढे काम इतक्या वेळात झालेच नसते. यातली मेख अशी, की ही इमारत दिसते दगडाची, पण आहे आर. सी. सी. ची.

आज आपल्याकडे तालुक्याच्या गावी दोन खोल्या काढणारा गवंडीही सळया बांधून स्लॅब टाकतो. पण १९०८ मध्ये हा प्रकार नवा होता. जुन्या पद्धतीत भिंत हाच आधार. इमारत जितकी उंच, तितक्या तळाच्या भिंती जाड. दहा मजल्यांखाली तळमजल्यावर माणसाला उजेड आणि वावर दोन्ही मिळायची मारामार. काँक्रीट दाब सोसते, पण ताण पडला की तडकते. पोलाद ताण सोसते. दोघांना एकत्र ओतून खांब, तुळया आणि तळ्या एकजीव करायच्या, ही फ्रेंच कंत्राटदार एन्नेबीक याची पद्धत. त्याचे ब्रिटनमधले प्रतिनिधी मूशेल यांच्या कंपनीने इथला सांगाडा आखला. सांगाडा सगळा भार उचलतो. बाहेरचा ग्रॅनाइट हा नुसता अंगरखा. आत त्यामुळे मोठाली मोकळी दालने मिळाली, रुंद खिडक्या मिळाल्या. एवढ्या आकाराची इमारत या रीतीने ब्रिटनमध्ये तोवर कोणी केली नव्हती, आणि ती उभी राहणारच नाही असे म्हणणारेही होते. लंडनचे शेल सेंटर १९६१ मध्ये होईपर्यंत ब्रिटनमधल्या कचेऱ्यांत हिची उंची कोणी ओलांडली नाही.

थॉमसने अंगरखा मात्र इतका जाडाभरडा शिवला, की आतला सडसडीत सांगाडा कुणाच्या ध्यानात येऊ नये. खाली राकट दगड, वर स्तंभांच्या रांगा, त्याच्यावर सज्जे, मग मनोरे, मनोऱ्यांवर आणखी टप्पे, मग घुमट, मग पक्षी. हा प्रकार इंग्रजी नाही आणि धड अमेरिकनही नाही. लिव्हरपूल विद्यापीठातले वास्तुकलेचे नामांकित प्राध्यापक चार्ल्स रायली यांना ती मुळीच रुचली नाही. हे दोन मनोरे अनावश्यक असून जाहिरातीच्या सामर्थ्याखेरीज ते कशाचेच प्रतीक नाहीत, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला.

घड्याळांची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकूण चार तबकड्या, तीन नदीकडच्या मनोऱ्यावर आणि एक शहराकडच्या. प्रत्येकीचा व्यास पंचवीस फूट. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळाची तबकडी तेवीस फुटांची आहे, आणि हे दोन फूट लिव्हरपूलकर कुणालाही विसरू देत नाहीत. मिनिटकाटाच चौदा फुटांचा. लेस्टर गावच्या जेंट कंपनीने ती केली. वर चढवण्याआधी एक तबकडी आडवी ठेवून तिच्याभोवती खुर्च्या मांडल्या, आणि चाळीसेक पाहुण्यांची मेजवानी झडली. २२ जून १९११ रोजी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, वेस्टमिन्स्टरमध्ये पाचव्या जॉर्जच्या मस्तकावर मुकुट ठेवला गेला त्या क्षणाला, ही घड्याळे सुरू करण्यात आली. हाच तो जॉर्ज, ज्याने त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीला दरबार भरवला आणि वाटेत मुंबईला अपोलो बंदरावर पाय ठेवला.

लांबवर नदीत असलेल्या जहाजावरूनही वेळ कळे. घड्याळ ही तेव्हा गरिबाच्या खिशातली वस्तू नव्हती. दफनाची वर्गणी भरणाऱ्या हमालाला त्याच्या पेनीतून जिवंतपणी काही मिळाले असेल, तर ती ही फुकटची वेळ.

उद्घाटनाला महिना उलटतो न उलटतो तोच लिव्हरपुलात वाहतूक कामगारांचा प्रचंड संप चिघळला. १३ ऑगस्ट १९११ च्या रविवारी पोलिसांनी जमावावर लाठ्या चालवल्या, शेकडो जखमी झाले. दोन दिवसांनी सैनिकांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. युद्धनौका मर्सीत येऊन उभी राहिली. पक्ष्यांनी वर बसल्या बसल्या पाहिलेले हे पहिले मोठे दृश्य.

आणि त्याच सालात पार्लमेंटात दुसरा एक खेळ चालला होता. लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. आजारपणाचा विमा त्यात होता. विधवा आणि पोरक्या मुलांनाही काही द्यावे असा विचार आरंभी होता, तो गळला. गळला, कारण घरोघर वर्गणी गोळा करणाऱ्या विमा कंपन्या आणि सोसायट्या आडव्या आल्या. मरणाच्या विम्यात सरकार उतरले तर आपल्या पोटावर पाय! ज्यांचा माणूस देशातल्या प्रत्येक गरीब घरात दर आठवड्याला उंबरठ्यावर उभा राहतो, त्यांना दुखवणे कोणत्या पुढाऱ्याला परवडणार?

इथे माझे मन त्या इमारतीविषयी दुभंगते. १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा गाजलेला अहवाल निघाला. त्यात त्यांनी या दारोदारच्या विम्याचा हिशेब मांडला. तो एका संस्थेचा नव्हे, सगळ्या धंद्याचा. लोकांनी भरलेल्या दर पौंडामागे साडेसात शिलिंग, म्हणजे शंभरातले साडेसदतीस, कारभाराच्या खर्चात जात. वसुलीला फिरणाऱ्या माणसाचा पगार, कमिशन, कचेऱ्या, कागद. विधवेने तीन पेन्या भरल्या तर एकीहून अधिक अशी वाटेतच मुरे. श्रीमंताचा विमा वर्षातून एका धनादेशाने भरला जाई, त्याला खर्च थोडा. गरिबाचा पेनीपेनीने, म्हणून तो महाग. गरिबी ही मोठी खर्चिक वस्तू आहे.

मग ग्रॅनाइटचा वाडा कशाला? रायली म्हणतात तशी जाहिरात? होय, ती होतीच. परंतु दुसरी बाजू अशी, की ज्या बाईने आयुष्यभर एका अनोळखी माणसाच्या हातात पेनी टाकायची, तिने कशाच्या भरवशावर टाकायची? लहान अंत्यविधी-मंडळे बुडत. खजिनदार पेटी घेऊन पळे. तिला ताळेबंद वाचता येत नव्हता. ती फेरीबोटीतून मान वर करून पाहू शकत होती. हे पळून जाणार नाही, एवढे तिला कळत होते. ते चौकटीबाहेरचे मनोरे, ते घड्याळ, ते पक्षी हा तिच्यासाठी लिहिलेला ताळेबंद होता. मात्र त्या ताळेबंदाची किंमतही तिनेच मोजली, हे विसरून चालायचे नाही.

आता पक्ष्यांकडे वळतो, कारण त्यांच्या पोटात एका माणसाची गोष्ट आहे. त्यांची आकृती कार्ल बर्नार्ड बार्टेल्स याने केली. १८६६ मध्ये जर्मनीत, स्टुटगार्टला जन्मलेला, लाकडावर कोरीव काम करणाऱ्याचा मुलगा. १८८७ मध्ये तो इंग्लंडात आला, त्याला देश आवडला, तो तिथेच राहिला. स्पर्धेत त्याची आकृती निवडली गेली आणि ब्रॉम्सग्रोव्ह गिल्ड या कारागीर-संस्थेने तांब्यात ती घडवली. तीन वर्षांनी महायुद्ध पेटले. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘ल्युसिटानिया’ बुडवली. तिच्यावरचे कितीतरी खलाशी लिव्हरपूलचे. शहर भडकले, जर्मन नावाची पाटी दिसली की दुकान फुटले. वर्षानुवर्षे शेजाऱ्यांना मांस विकणारे खाटीक रस्त्यावर आले.

बार्टेल्स लंडनला राहत होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे इंग्लंडात काढलेल्या त्या माणसाला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकॅलो छावणीत टाकले. वीस हजारांहून अधिक माणसे तिथे तारेच्या कुंपणात होती. ते बेट लिव्हरपूलसमोरच्याच समुद्रात आहे. त्याचा नदीकडचा पक्षी ज्या बाजूला पाहतो, त्याच बाजूला. युद्ध संपल्यावर बायको-मुले लंडनला असताना त्याला जर्मनीला पाठवून दिले. पक्षी खलाशांची वाट पाहत मनोऱ्यावर राहिले. ज्याने ते केले तो हद्दपार झाला, आणि त्याचे नावही शहराच्या तोंडून गेले. काही वर्षांनी तो परतला. पुन्हा कोरीव कामे केली. डरहॅमच्या कॅथीड्रलमध्येही त्याचा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जखमींसाठी कृत्रिम अवयव घडवीत होता. १९५५ मध्ये वारला. इमारतीची शंभरी भरली तेव्हा, २०११ मध्ये, लिव्हरपूलने त्याला मरणोत्तर सन्मान दिला. तो त्याच्या वंशजांनी स्वीकारला. शंभर वर्षे लागली, पण लाज वाटली हे खरे.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी सात रात्री शहर भाजून काढले, लायव्हर बचावली. १९४९ पासून बेव्हरिजच्या योजनेप्रमाणे सरकार प्रत्येकाच्या अंत्यविधीसाठी वीस पौंड देऊ लागले. ते अनुदान १९८७ मध्ये बंद पडले. १९५३ मध्ये दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सभासदांचे स्मारक म्हणून मनोऱ्यातल्या मुक्या घड्याळांना विजेवर चालणारे टोल बसवले. २००४ मध्ये नदीकाठचा हा भाग जागतिक वारशात गेला आणि २०२१ मध्ये, नव्या बांधकामांमुळे, यादीतून काढला गेला. बक्षीस परत घेण्याची ही रीत आपल्याला शाळेपासून परिचित आहे.

खुद्द सोसायटी २०११ मध्ये रॉयल लंडन या संस्थेत विलीन झाली. कचेरीची शंभरी आणि सोसायटीचा शेवट एकाच वर्षी. २०१७ मध्ये इमारत चार कोटी ऐंशी लाख पौंडांना विकली गेली. आता तिच्यात निरनिराळ्या कंपन्या भाड्याने बसतात, आणि २०१९ पासून तिकीट काढून वर जाता येते.

मी गेलो तेव्हा आमच्या टोळीत दहा-बारा जण होतो. शेवटचे जिने अरुंद, गोल. घड्याळाच्या मागून जाताना तबकडीतून दुधी उजेड येतो आणि चौदा फुटी काट्याची सावली उलटी सरकताना दिसते. वर वारा असा, की बोललेले ऐकू येऊ नये. पक्षी जवळून पाहिला तर सुंदर मुळीच नाही. तांब्याचे पत्रे, रिबिटे, तारा. खाली मर्सी मातकट, ओहोटी लागलेली, आणि पलीकडे वेल्सचे डोंगर.

टोळीत ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई नातवाबरोबर आल्या होत्या. दर दोन पायऱ्यांना थांबत, पण कुणाचा हात घेत नव्हत्या. मार्गदर्शक मुलाने काळजीने विचारले, तेव्हा म्हणाल्या, “सावकाश येते मी. यातल्या एकदोन पायऱ्या माझ्या आईच्या पैशांच्या आहेत.” सगळे हसले. मार्गदर्शकाने विचारले, कोणत्या? तर त्यांनी काठीने समोरची पायरी ठोकून दाखवली. मग श्वास येईपर्यंत सांगत राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी तो यायचा, टोपी काढून दारात उभा राहायचा, आत कधी आला नाही. आई फडताळातल्या चहाच्या रिकाम्या डब्यातून पैसे काढी. बाबांची नोकरी सुटली होती त्या हिवाळ्यात रात्री नुसता पाव खाल्ला, पण डब्याला हात लावला नाही.

मी भीत भीत विचारले, “मग शेवटी मिळाले का पैसे?”

“मिळाले की,” त्या म्हणाल्या. “शवपेटी चांगली ओकची आली. फुलं आली. आणि हॅम इतका उरला, की दुसऱ्या दिवशी शेजारी वाटला.”